टायपिस्ट बाईंच्या वेगाचा अहवाल

आमच्या संस्थेच्या अंबरनाथमध्ये एक प्राथमिक शाळा, एक हायस्कूल आणि संध्याकाळचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिन्हींचं ऑफिस एकच, हायस्कूलच्या तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून. मी तिथे मुख्य लिपिक. शाळेत कारकुनाला ‘भाऊसाहेब’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे गेली एकवीस वर्षं माझं खरं नाव फक्त घरी आणि पगारपत्रकात आहे.

ऑफिसात पाच संगणक होते. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने ते सुटे भाग जोडून दिले होते. संगणकांची पावती होती. आतल्या विंडोजची आणि बाकी सॉफ्टवेअरची नव्हती. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, आणि कुणी त्याचा विचार करत नव्हतं.

विचार करावा लागला तो एका तपासणीमुळे. शाळेत टिकाऊ वस्तूंची एक वही असते, तिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. बाक, फळे, घंटा, नकाशे, प्रयोगशाळेतला हाडांचा सांगाडा, सगळ्यांना त्यात क्रमांक असतो आणि वस्तू कुठून आली ते लिहिलेलं असतं. ती वही माझ्याकडे. तपासणीला आलेले अधिकारी तरुण होते, चौकस होते. त्यांनी संगणक मोजले.

“पाच. बरोबर आहेत. यातलं सॉफ्टवेअर कुठाय?”

“आत आहे साहेब.”

“आत आहे ते दिसतंय मला. वहीत कुठाय?”

मी वहीची पानं उलटली. त्यांनी पेन्सिलीने समासात एक बारीक खूण केली आणि म्हणाले, “पुढच्या तपासणीपर्यंत नोंद करून ठेवा.” एवढंच. दुसरा कुणी ती खूण खोडून मोकळा झाला असता. मला ती खूण दिसत राहिली.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी उल्हासनगरला दुकानदाराकडे गेलो. दुकानात बसायला जागा नव्हती, सगळीकडे उघडे डबे आणि वायरी.

“साईं, सॉफ्टवेअर की रसीद चाहिए.”

“भाऊसाहेब, वो तो मैंने प्यार से डालके दिया. प्यार का बिल होता है क्या?” तो हसला. मग मी हसत नाही हे पाहून म्हणाला, “पुऱ्या उल्हासनगर कॅम्पमध्ये कोणाकडे बिल नाय. तुमालाच काय झाला?”

संस्थेचे सचिव व्यवहारी गृहस्थ. जमिनीचे व्यवहार करून मोठे झालेले, शाळेवर खरं प्रेम असलेले, पण कागदावर नाही. ते म्हणाले, “लिहून टाका ना, ‘संगणकासोबत प्राप्त’.”

“प्राप्त म्हणजे कुणाकडून, तेही लिहावं लागतं.”

“तुम्ही स्वतःला फार त्रास करून घेता हो,” ते म्हणाले. विकत घ्यायचं तर पाच परवाने संस्थेला झेपणारे नव्हते, तो विषय त्यांनी एका वाक्यात मिटवला.

ज्या शाळेच्या भिंतीवर ‘कॉपी करणे हा गुन्हा आहे’ असं मी स्वतः रंगवून घेतलं होतं, त्या शाळेचं ऑफिस कॉपी केलेल्या सीडीच्या तबकडीवर चालतं, हे मला खटकत होतं. आज हे लिहिताना त्या खटकण्याचा अभिमान वाटत नाही. तेव्हा वाटत होता.

संगणकाचं एक मासिक त्या वेळी तबकडीसकट मिळायचं. उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मी ते उभ्याने चाळलं आणि विकत घेतलं. तबकडीवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स होतं. कुणीही घ्यावं, कितीही यंत्रांवर चढवावं, दुसऱ्याला द्यावं. पत्र लिहायला, तक्ते करायला लागणारं सगळं त्यात होतं. किंमत शून्य, आणि परवाना लेखी. लेखी हा शब्द माझ्यासाठी महत्त्वाचा होता. मी तो परवाना छापून घेतला, सगळी पानं वाचली, निम्मी समजली, आणि फाइलीला लावली.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या घरात फराळाचा वास होता आणि मी सकाळी डबा घेऊन शाळेला निघत होतो. बायको म्हणाली, “लोकं दिवाळीत आपली घरं पुसतात. तुम्ही शाळेचे संगणक पुसा.” पुसणं हाच शब्द बरोबर होता. आठ दिवसांत मी पाचही यंत्रं पुसली. आधी जुन्या फाइली तबकड्यांवर उतरवून घेतल्या, एक हजार एकशे चार. उतरवलेल्या मोजल्या, पुन्हा चढवलेल्या मोजल्या. आकडा जुळला.

मग जडसंग्रह नोंदवहीत सुवाच्य अक्षरात नोंद केली: ‘मुक्त सॉफ्टवेअर, पाच संगणकांवर, किंमत शून्य, परवान्याची प्रत फाइलीत.’ पेन्सिलीच्या खुणेशेजारी बरोबरची खूण केली. इतकं समाधान मला मुलगी बारावीला पास झाली तेव्हाही झालं नव्हतं, हे खरं आहे, म्हणून लिहितो.

सुट्टी संपल्यावर पहिले मुख्याध्यापक आले. पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाले, “भाऊसाहेब, पत्ते कुठे गेले?” त्यांना मधल्या सुट्टीत संगणकावर पत्त्यांचा डाव लावायची सवय होती. मी त्यांना नवीन यंत्रातले पत्ते दाखवले. त्यांची तक्रार संपली. पगाराचा कारकून आठवडाभर तोंड फुगवून होता, मग तोही रुळला. चार यंत्रं सुरळीत झाली. प्रश्न पाचव्याचा होता.

पाचव्या यंत्रावर आमच्या टायपिस्ट बाई बसायच्या. बुवापाड्यात राहायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. वडील काडेपेट्यांच्या कारखान्यात होते. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरात शाळा सोडू देत नसत, असं त्या एकदा सांगत होत्या, आणि मुलींना तर मॅट्रिकनंतर टायपिंगच्या क्लासला घातलंच जायचं. बाईंनी मराठी टंकलेखनाच्या तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास केल्या होत्या. नवऱ्याची कंपनी बंद पडून चार वर्षं झाली होती. घर बाईंच्या पगारावर होतं. आणि बाईंचं पद अनुदानातलं नव्हतं. माझा पगार सरकारी अनुदानातून येतो, मला कुणी सहज काढू शकत नाही. बाई संस्थेच्या नोकर. एक महिन्याची नोटीस दिली की संपलं.

त्या टाइप करताना मी खूपदा पाहिलं आहे. डोळे डावीकडच्या कागदावर, मान ताठ, बोटं खाली आपापलं काम करत. बोलता बोलता टाइप करायच्या. शिपाई चहा घेऊन आला तर “ठेव तिकडे, बिस्किट नको” म्हणायच्या आणि त्याच वेळी शिक्षणाधिकाऱ्यांना सविनय सादर करायच्या. बावीस वर्षांत त्यांनी कळांकडे पाहिलं नव्हतं. टाइपरायटर गेला, संगणक आला, तरी अडचण आली नाही, कारण जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या जागा टाइपरायटरसारख्याच ठेवायची सोय होती.

ते सॉफ्टवेअरही अर्थातच कॉपी केलेलं होतं, आणि मी ते पुसलं होतं. लिनक्समध्ये मराठीची यादी उघडली की अक्षरांच्या मांडणीचे दोन प्रकार दिसायचे. एकात इंग्रजी स्पेलिंग लिहायचं आणि त्याचं मराठी व्हायचं. दुसरी सरकारने ठरवलेली नवी मांडणी. टाइपरायटरची त्या यादीत नव्हती. मी सरकारी मांडणी निवडली. सरकारी आहे, म्हणजे पुढे सगळीकडे तीच येणार, असा माझा हिशोब.

“बाई, बाकी सगळं तसंच आहे,” मी म्हणालो. “फक्त कळांच्या जागा बदलल्यात.”

“फक्त?” बाई म्हणाल्या. “उद्या तुमच्या घरी येते, वहिनींची सगळी भांडी हलवते आणि सांगते, फक्त जागा बदलल्यात.”

सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी बसून पहिला शब्द मारला. जिथे त्यांच्या बोटाला ‘क’ माहीत होता, तिथे आता अक्षराचा पाय मोडायची खूण होती. पडद्यावर मोडक्या अक्षरांची एक ओळ उमटली. बाईंनी ती पुसली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा खाली पाहिलं.

मी नव्या मांडणीचा तक्ता छापून त्यांच्या समोर लावला. त्यांचा चष्मा कागद वाचायचा होता. कळांसाठी मान खाली, तक्त्यासाठी वर, कागदासाठी डावीकडे. दुपारी त्या मानेला हात लावून बसायच्या. तरी तक्रार करायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “भाऊसाहेब, डोक्याला माहितीये नवीन. हातांना कोण सांगणार?”

“येईल हळूहळू,” मी म्हणालो. “मी आहे ना.”

इथे मी माझ्या सवयीप्रमाणे एक काम सुरू केलं. रोज संध्याकाळी त्यांची पूर्ण झालेली, बिनचूक पानं मोजायची आणि वहीत लिहायची. हेतू चांगला होता. प्रगती दिसली की त्यांनाही हुरूप येईल, आणि वर कुणी विचारलं तर आपल्या हातात पुरावा असेल. बाईंनाही ते माहीत होतं. जाताना विचारायच्या, “किती आज?” मी म्हणायचो, “साडेचार.” त्या म्हणायच्या, “अर्ध्याला पण धरलंत? उपकार झाले.”

डिसेंबरात दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका आल्या. दरवर्षी त्या बाई चार दिवसांत उरकायच्या. या वेळी अकरा दिवस लागले, त्यातल्या दोन मला बाहेरून टाइप करून घ्याव्या लागल्या, आणि प्रश्नपत्रिका बाहेर गेल्या म्हणून मुख्याध्यापक भडकले. सचिवांनी मला बोलावून सांगितलं, “कामं का तुंबतायत, ते मला लेखी द्या.”

मी अहवाल लिहिला. दोन पानांचा. पहिल्या पानावर तक्ता. बदलापूर्वी, आवक-जावक वहीवरून काढलेली सरासरी: रोज चौदा पानं. बदलानंतर: पहिला आठवडा तीन, दुसरा चार, तिसरा पाच, चौथा पाच, पाचवा सहा, सहावा सहा. त्याखाली माझं गणित, की या गतीने आधीच्या वेगाला पोचायला अजून सुमारे चौदा आठवडे लागतील. दुसऱ्या पानावर कारणं, म्हणजे दोष टंकलेखिकेचा नसून मांडणी बदलल्याचा आहे, आणि प्रस्ताव: एप्रिलपर्यंत मुदत द्यावी आणि तोवर एक हंगामी टंकलेखक द्यावा. सगळं खरं होतं. एकही आकडा मी इकडचा तिकडे केला नव्हता. चौदाऐवजी आठ आठवडे लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? पण ते खरं नव्हतं.

सचिवांनी पहिलं पान वाचलं.

“चौदावरून सहा?”

“दुसऱ्या पानावर कारणं आहेत, साहेब. आणि प्रस्ताव आहे.”

“चौदा आठवडे थांबायचं म्हणजे वर्ष संपलं की.” त्यांनी पान उलटलं नाही. “आकडे तुमचेच ना, भाऊसाहेब?”

“हो.”

“चुकीचे आहेत?”

“नाही.”

“मग झालं तर. माझ्या पुतणीची मैत्रीण आहे एक, कॉलेजात. ती इंग्रजी अक्षरं मारते आणि खटाखट मराठी येतं म्हणे. तुमच्या त्या फुकटच्या यंत्रात पण होतं ना तसं?”

“होतं.”

“मग प्रश्न काय राहिला?”

मी म्हणालो की बाईंना बावीस वर्षं झाली. ते म्हणाले, “म्हणून तर महिन्याची नोटीस देतोय, नाहीतर उद्यापासूनच सांगितलं असतं.” आणखी बोलायला हवं होतं, हे मला त्या खुर्चीतच कळत होतं. यंत्रं मी बदलली, मांडणी मी निवडली, आकडे मी दिले, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी अहवालाला पान क्रमांक घातले, सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस, आणि फाइलीला लावला.

शेवटच्या दिवशी बाईंनी यंत्रावरचं कापड धुऊन आणलेलं होतं. कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या, एकेक मोजून. मग म्हणाल्या, “एवढं सांगा भाऊसाहेब. मी हळू आहे का?”

“आकड्यांप्रमाणे पाहिलं तर...”

“आकड्यांप्रमाणे नको. तसंच सांगा.”

मी किल्ल्या पुन्हा मोजायला लागलो. त्या पर्स उचलून गेल्या.

फेब्रुवारीत हिंदीचे सर त्यांच्या विषयाची प्रश्नपत्रिका घेऊन आले. बाईंच्या जागी आलेली नवीन मुलगी रजेवर होती, सर म्हणाले मीच टाइप करतो, मला फक्त हिंदी लावून द्या. मी पहिल्यांदा हिंदीची यादी उघडली. तिच्यात चार नावं होती. तिसरं नाव ‘टाइपरायटर’.

अक्षरं तीच देवनागरी. हिंदी आणि मराठी टाइपरायटरच्या मांडणीत फरक असतो, पण थोडा. मी सरांना बाजूला बसवलं, बाईंचा जुना टाइपरायटरचा तक्ता टेबलाच्या काचेखाली अजून होता, तो काढला आणि एकेक कळ दाबून पडताळलं. शेहेचाळीसपैकी चाळीस कळा जशाच्या तशा होत्या. सहा वेगळ्या. सहा कळा बाईंनी तीन दिवसांत हातात बसवल्या असत्या.

मी मराठीसाठी मराठीची यादी पाहिली होती. हिंदीची उघडायचं मला सुचलं नव्हतं. ज्या गावात पावती मागायला हिंदी, भाजी घ्यायला हिंदी, रिक्षावाल्याशी भांडायला हिंदी, तिथे राहून मी ऑफिसच्या कामात मराठी म्हणजे मराठी, असा रकाना आखून बसलो होतो. रकान्याबाहेर पाहायची मला सवयच नाही.

त्याच दुपारी मी सचिवांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे ते आधीपासूनच आत होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला सापडलं नाही.”

“नाही.”

“मग चूक कोणाची?”

“माझी.”

“मग त्या बाईंना परत कशाला बोलवू? तुमच्या चुकीसाठी संस्थेने दोन-दोन टायपिस्ट ठेवायच्या?” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “जाऊ द्या. तुम्ही कुठे मुद्दाम केलंत.”

मी बाईंकडे जायला हवं होतं. बुवापाडा शाळेपासून चालत वीस मिनिटं. रोज सहा वाजता मी ऑफिसला कुलूप लावायचो, आज जाऊ म्हणायचो, आणि बदलापूरची गाडी पकडायचो. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग जाऊन सांगा ना तिला. इथे मला सांगून काय उपयोग?” पाच आठवडे मी गेलो नाही.

मार्च संपताना बाई स्वतःच आल्या. दुपारची वेळ, नवीन मुलगी जेवायला गेलेली. बाई उभ्याच राहिल्या. त्यांनी बदलापूरच्या एका शाळेत टायपिस्टच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली होती. सोमवारपासून या, असं जवळजवळ ठरलं होतं. मग तिथल्या क्लार्कने चौकशीसाठी आमच्या ऑफिसला फोन केला. मी त्या दिवशी पगारबिलं घेऊन ठाण्याला गेलो होतो. फोन पगाराच्या कारकुनाने घेतला, आणि फाइल काढून जे होतं ते वाचून दाखवलं. चौदा, तीन, चार, पाच, पाच, सहा, सहा.

“त्याचा काही दोष नाही,” बाई म्हणाल्या. “फाइलीत आहे ते त्याने वाचलं. तिथले म्हणतात, बाई, तुमच्याच शाळेचा रेकॉर्ड आहे, आम्ही काय करणार.”

मी म्हणालो, “बाई, आधी इकडे बसा.” मी पाचवं यंत्र उघडलं आणि हिंदीची यादी लावली. “टाइपरायटरची मांडणी आहे. मारून बघा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बसल्या. बोटं ठेवली. शेजारी शिक्षकांच्या जागा मंजूर करणारं संचमान्यतेचं पत्र पडलं होतं, त्याच्यावर डोळे लावले आणि सुरुवात केली. पाच ओळी झाल्या. मान ताठ होती. एक ‘ळ’ चुकला, बाकी काही नाही. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले.

“हे कधी सापडलं?”

“फेब्रुवारीत.”

“आज कितवा महिना?”

पडद्यावरच्या पाच ओळी त्यांनी स्वतःच पुसून टाकल्या.

“मला नोकरी परत नकोय,” बाई म्हणाल्या. “मागितली तरी देणार नाहीत, ते माहितीये. तिथली जागा अजून भरलेली नाही, ते लोक परत फोन करणारेत. तुम्ही एकच करा. ते पान काढा फाइलीतून.”

सत्तेचाळीसवं पान. खोलीत आम्ही दोघंच होतो. फाइल माझ्या मागच्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

“बाई, पानांना क्रमांक आहेत,” मी म्हणालो. “मध्येच सत्तेचाळीस गेलं तर... अभिलेखातलं पान काढता येत नाही. मी खुलासा जोडतो. चूक माझी होती असं स्पष्ट लिहितो. सही करतो.”

“फोनवर तुमचा खुलासा कोण वाचणार?”

“मी सांगून ठेवीन.”

“तुम्ही ठाण्याला गेला असाल तर?”

बाई उठल्या. “तुम्ही चोरी करत नाही, खोटं लिहीत नाही, सगळं खरं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बायकोला तरी त्याचा काही उपयोग होतो का हो?” हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. खरंच विचारल्यासारखं म्हणाल्या.

मी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला. दोन पानं, सहीसकट. फाइलीत तो बासष्ट आणि त्रेसष्ट क्रमांकावर गेला, कारण मधली पानं तोवर भरली होती. बदलापूरच्या शाळेचा फोन दोन दिवसांनी आला आणि तो मीच घेतला. मी सगळं समजावून सांगितलं, हिंदीची यादी, शेहेचाळीस कळा, माझी चूक. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. सगळं ऐकून म्हणाले, “ठीक आहे, पण आकडे तर खरे आहेत ना?”

मी म्हणालो, “आकडे खरे आहेत.”

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बाई आता औद्योगिक वसाहतीत औषधाच्या एका कारखान्यात खोक्यांवर लेबलं चिकटवतात, उभ्याने, पाळीप्रमाणे. हे मला शिपायाकडून कळलं. मी त्यांना त्यानंतर भेटलेलो नाही.

नवीन मुलगी जूनमध्ये लग्न होऊन गेली. तिच्या जागी आलेल्या मुलाला जुनंच सॉफ्टवेअर यायचं. मी चार दिवस रजेवर होतो, तेवढ्यात सचिवांनी उल्हासनगरच्या दुकानदाराला बोलावून पाचही यंत्रं एका दुपारीत पूर्ववत करून घेतली. मी कामावर आलो तेव्हा मुख्याध्यापक आपल्या ओळखीच्या पत्त्यांवर बसले होते. जडसंग्रह नोंदवहीत ‘मुक्त सॉफ्टवेअर, किंमत शून्य’ ही नोंद अजून आहे आणि ती आता खोटी आहे. पुढच्या तपासणीला दुसरे अधिकारी आले. त्यांनी बाक मोजले.

दरवर्षी मे महिन्यात जुन्या कागदांची वर्गवारी करावी लागते. कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता तीस वर्षं, कोणता दहा वर्षं, कोणता वर्षभराने नष्ट करायचा, हे अ, ब, क, ड असं ठरवून यादी मुख्याध्यापकांच्या सहीला द्यायची. यादी कुणी वाचत नाही, सही होते. या वर्षी ती फाइल वर्गवारीला आली. किरकोळ पत्रव्यवहार ‘ड’मध्ये जातो, त्याच महिन्यात त्याचा रद्दीत लगदा होतो. कर्मचाऱ्यांच्या कामाविषयीचे अहवाल ‘क’मध्ये जातात, दहा वर्षं.

सत्तेचाळीस क्रमांकासमोर ‘ड’ लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आणि बाईंचा आता फायदाही काही नव्हता. मी पेनाचं टोपण काढलं. मग नियमाप्रमाणे ‘क’ लिहिलं.